सही करण्यास नकार

चिचगडच्या शाळेत मी बरीच वर्षं होतो. राहायला देवरीत, आणि येणंजाणं उदेभान मडावीच्या काळ्या-पिवळ्या जीपने. चाळिशीचा काटक माणूस. गाडी हाकताना बोलत नसे. गाडीत बाळंतपणाची बाई असली की वाटेत कोणालाही घेत नसे, मग हात दाखवणारा सरपंच का असेना. दहावीपर्यंत शिकला होता आणि अक्षर वळणदार होतं. त्याच्या टोल्यावरच्या, म्हणजे पाड्यावरच्या, बायका रेशनकार्डाचे, घरकुलाचे अर्ज त्याच्याकडून लिहून घेत. तो लिहायचा, मग सगळं मोठ्याने वाचून दाखवायचा आणि म्हणायचा, "समजलं ना? आता लाव अंगठा."

त्याला एक मोठा भाऊ होता, कैलाश. ही गोष्ट मला उदेभानच्या बायकोने, मंगलीने, खूप नंतर सांगितली. पण आधीच सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

तेव्हा जंगलात नक्षलवाद्यांचा वावर होता. पोलिसांना डोंगरीजवळ पुरलेलं काहीतरी सापडलं. कैलाश त्या वाटेने बैल घेऊन चालला होता. त्याला थांबवलं आणि पंच म्हणून सही घेतली. "काही नाही रे, तू पाहिलं एवढंच लिहिलं आहे." कैलाशने न वाचता सही केली. मग कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. इकडे जंगलातले लोक गावात येऊन विचारू लागले, कागदावर काय होतं, कोणाकोणाची नावं होती. एका तारखेहून परतताना तो चिचगडच्या स्टँडवर उतरला. चहा पिताना त्याला लोकांनी पाहिलं. घरी तो कधीच आला नाही. प्रेत नाही, चप्पल नाही, काही नाही.

आता तसं काही राहिलं नाही असं सगळे म्हणतात. उदेभानही म्हणायचा. पण पोलिसाच्या कागदावर त्याने पुढे कधी पेन टेकवलं नाही.

मोहफुलं वेचायचे दिवस होते, आणि मी शाळेतून देवरीला परतत होतो. जीपमध्ये टोपल्या, पोती, बायका, मागे लटकलेली दोन माणसं. परवान्यापेक्षा जास्त माणसं भरली होती, हे खरंच आहे. देवरीच्या अलीकडे रस्त्यावर वाहतूक पोलिसांनी अडवलं. हवालदार नवीन होता, गोंदियाहून बदलून आलेला. छातीवर नाव भुपेंद्र. मशीनला रेंज नव्हती, म्हणून त्याने उदेभानचं लायसन्स घेऊन जुनं पावतीपुस्तक काढलं आणि बॉनेटवर ठेवून चालान लिहिलं.

"ले भाऊ, इधर साइन कर."

उदेभानने खिशातून पैसे काढले. "दंड घ्या साहेब. सही नाही करत."

"काऊन? गुन्हा कबूल नाही का?"

"कबूल आहे. माणसं जास्त आहेत, दिसूनच राहिलं. पैसे घ्या."

"अरे बाबा, सही म्हणजे तुला कागद मिळाला, इतकंच. दुसरं काही नाही."

"माझ्या भावाले बी इतकंच सांगतलं होतं."

भुपेंद्रला काही कळलं नाही. तो वाईट माणूस नव्हता. दोनदा त्याने समजावलं, तिसऱ्यांदा आवाज चढवला. तेव्हा बाजूच्या गाडीत बसलेले साहेब उतरले. आवाज अगदी मऊ. म्हणाले, "नाही करत ना? नका करू. जबरदस्ती नाही." मग भुपेंद्रला, "लिहा. सही करण्यास नकार. खाली दोन साक्षीदार घ्या. कोर्टात पाठवू."

जीपमध्ये कोणी हलेना. साहेबांनी पुढच्या सीटकडे पाहिलं. माझ्या बाजूला केवळराम गहाणे बसले होते, इटियाडोह धरणाकडचे, कोहळी समाजातले, लेकीच्या घरून परतणारे म्हातारे. सरकारी माणसाने सांगितलं की करायचं, अशा वळणाचे. ते उतरले, चष्मा लावला आणि पेन हातात घेतलं.

उदेभानचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. त्याच्या ओठांचा रंगच गेला.

"मामाजी, नका करू! मामाजी!"

त्याने झडप घालून पुस्तक ओढलं. भुपेंद्रने दुसरीकडून धरलं. कागद फाटला. पुस्तकाच्या पत्र्याच्या क्लिपने भुपेंद्रच्या बोटाला लागलं, रक्ताचा थेंब बॉनेटवर पडला.

साहेबांनी खाली वाकून फाटलेला तुकडा उचलला, फुंकर मारून धूळ झाडली आणि आपल्या खिशात ठेवला. उदेभानचं लायसन्स भुपेंद्रकडेच राहिलं.

"जा तुम्ही," साहेब म्हणाले. "सवारी खोळंबली आहे. बोलावू आम्ही."

देवरीच्या स्टँडवर उतरताना केवळरामजींनी मला हळूच विचारलं, "गुरुजी, माझं अर्धं नाव लिहून झालं होतं. अर्धी सही चालते का?"

त्यानंतर काहीच झालं नाही. मोह संपला, तेंदूपत्त्याचे दिवस आले. उदेभान लायसन्सविना गाडी चालवेना. ती त्याने गावातल्या विक्कीला चालवायला दिली आणि स्वतः मागे उभा राहून सवारी घेऊ लागला. लांबून मोटारसायकल दिसली तरी तो मान वळवून बघायचा. मी म्हटलं, "एवढ्याशा चालानचं कोण काय करतं? विसरले असतील."

"नाही गुरुजी. विसरले असते तर तुकडा उचलला नसता."

मग एक दिवस पोलिसांची गाडी टोल्यावर गेली. इतर गावांत पोलिसांची गाडी आली तर पोरं मागे धावतात. त्या टोल्यावर दारं लागतात. गाडी मडावीच्या अंगणात थांबली. कोर्टाचं समन्स होतं, आणि ते मिळाल्याची सही हवी होती.

उदेभानने हात मागे बांधले. "वाचून दाखवा. तारीख ध्यानात ठेवतो. सही नाही."

शिपायाने वाचून दाखवलं आणि समन्स दारावर चिकटवून निघून गेला. मंगली ते ओरबाडायला धावली, तर उदेभान म्हणाला, "हात नको लावू. आता तो सरकारचा दरवाजा झाला."

कागद तिथेच राहिला. पाणी भरायला जाणाऱ्या बायका अंगणाच्या कडेने जायच्या त्या आता पलीकडच्या वाटेने जाऊ लागल्या. ज्यांचे अर्ज त्याने लिहिले होते त्यांनी दुसरा माणूस शोधला. कोणी तोंडावर काही बोललं नाही. फक्त एका लग्नात एका म्हाताऱ्याने त्याच्या पानावर वाढताना विचारलं, "तुझ्या घरी पोलीस कायले येऊन राहिले रे? काय खबर देतेस त्यांले?"

कैलाशलाही आधी असंच विचारू लागले होते.

तारखेच्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून निघाला. मंगलीने सोबत येते म्हटलं, तो नको म्हणाला. चिचगडच्या स्टँडवर एसटीत चढला. आणि गाडी सुटायच्या आधी उतरला. मी शाळेकडे जाताना त्याला पाहिलं, चहाच्या टपरीसमोर उभा होता, चहा न घेता.

"जा ना," मी म्हटलं. "दंड भरून मोकळा होशील."

"जाणं सोपं आहे, गुरुजी. परत येणं पाहून राहिलो."

तो कोर्टात गेला नाही. आणखी एक तारीख अशीच गेली. मग वॉरंट निघालं.

वॉरंट जामिनाचं होतं. म्हणजे पोलिसांनी येऊन पकडायचं, पण जातमुचलक्यावर सही केली की तिथल्या तिथे सोडायचं. घेऊन आलेला जमादार वयस्क होता. त्याने अंगणात खाटेवर बसून पाणी मागितलं, प्यायला, आणि म्हणाला, "सही कर आणि आपल्या घरी राहा. मी जातो. मला तुला न्यायची हौस नाही."

मंगली रडू लागली. "करून टाका ना! कोणासाठी अडून राहिले?"

उदेभानने मुचलका हातात घेतला. तीनदा वाचला, असं मंगली सांगते. मग खाटेवर ठेवला. "याच्यात लिहिलं आहे, तारखेले हजर राहीन. राहीन का नाही, माझ्या हातात नाही."

त्याला गाडीत बसवलं तेव्हा टोल्यावरचं एकही दार उघडं नव्हतं.

मंगली दुसऱ्या दिवशी शाळेत आली आणि मला कोर्टात चला म्हणाली. मी गेलो. सरकारकडून मोफत मिळणाऱ्या वकीलबाई होत्या, रुख्मिणी शहारे. हातात दोन फाइली. व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी आम्हाला समजावलं.

"चालानवर सही केली नाही, तेवढ्याने कोणी जेलमध्ये जात नाही. नकार लिहितात आणि प्रकरण कोर्टात पाठवतात. कोर्टात आला असता तर दंड भरून दुपारी घरी. पण हा आलाच नाही. समन्स नाकारलं, मुचलका नाकारला. आणि ही दुसरी फाइल पाहा."

दुसरी फाइल फाटलेल्या कागदाची होती. सरकारी नोकराला बळाने अडवलं, इजा केली. भुपेंद्रच्या बोटाचं डॉक्टरांचं सर्टिफिकेट, आणि प्लास्टिकच्या पिशवीत सीलबंद तो तुकडा. साक्षीदारांत केवळराम गहाणे.

"याची शिक्षा दंडाची नाही," रुख्मिणीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हा गुन्हा मोठा आहे."

न्यायाधीश मॅडम तरुण होत्या. त्यांनी उदेभानला विचारलं, "शिकलेले दिसता. सही का करत नाही?"

उदेभानने तोंड उघडलं, मागे उभ्या असलेल्या पोलिसांकडे पाहिलं, मग दाराशी गर्दी करून असलेल्या माणसांकडे. त्यांच्यात आपल्या भागातलं कोण आहे हे तो शोधत होता, हे माझ्या लक्षात आलं. कैलाशचं नाव त्याने घेतलं नाही.

"भीती वाटते," एवढंच म्हणाला.

"कोणाची?"

त्याने पुन्हा दाराकडे पाहिलं. मुचलक्यावर सही करायलाही नकारार्थी मान हलवली. मॅडमनी त्याला भंडाऱ्याच्या तुरुंगात पाठवायचा हुकूम केला.

तुरुंगातून तो दोन तारखांना आला. दाढी वाढलेली, शर्ट सैल झालेला. दुसऱ्या वेळी त्याची मुलगी मोनाली आली होती. गोंदियाला नर्सिंग शिकत होती. बाहेर बाकावर बसलेल्या बापाजवळ ती गेली, पोलिसाने अडवलं नाही.

"बाबा, आई घरात एकटी आहे. रात्री कोणी तरी दगड मारते छपराच्या कवेलूंवर. काल दोनदा मारला."

उदेभान तिच्याकडे बघतच राहिला. "कोण?"

"काय माहीत? आई दिवा लावत नाही आता."

आत गेल्यावर मॅडमनी मुचलका मागवला, आणि न विचारता त्यातली प्रत्येक ओळ स्वतः मोठ्याने वाचली. नाव, गाव, रक्कम, हजर राहण्याची अट. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "एवढंच आहे. याच्या मागे-पुढे काही नाही." उदेभानने पेन धरलं. त्याचं वळणदार अक्षर ओळखू येईना. सही झाली. वाहतुकीच्या प्रकरणात त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला, तो विषय दहा मिनिटांत मिटला. दुसरी फाइल उरली.

तो टोल्यावर परतला, पण फार दिवस राहिला नाही. दगड थांबले नाहीत. कोण मारत होतं ते कधी समजलं नाही. पोलिसांत तक्रार दे म्हटलं तर मंगली हसली. तक्रार म्हणजे पुन्हा गाडी अंगणात. जीप विक्कीला विकून दोघं सालेकशाला मंगलीच्या माहेरी गेली. तिथे तो मेव्हण्याचा ट्रॅक्टर हाकतो. खटला सुरूच आहे. कधी साक्षीदार येत नाही, कधी सरकारी वकील, कधी मॅडम रजेवर. केवळरामजी एकदाच आले आणि चक्कर येऊन बाकावर आडवे झाले. त्यांची साक्ष राहिली.

गेल्या हिवाळ्यात मी सालेकशाला गेलो होतो. नेमका तारखेचा दिवस निघाला. मंगली ओसरीत धान पाखडत होती, पण सूप हातात तसंच थांबून राहायचं. तारखेच्या दिवशी ती शेतावर जात नाही, म्हणाली. उदेभानला फोन लावला तर बंद येत होता. स्टेशनात दोन रेल्वेगाड्या येऊन गेल्या. तिसऱ्या गाडीचा भोंगा वाजला आणि बऱ्याच वेळाने तो रुळाच्या बाजूने चालत येताना दिसला. मंगलीने सूप खाली ठेवलं आणि आत गेली.

तो माझ्याजवळ बसला. पाय धुतले नव्हते.

"काय झालं आज?"

"काही नाही. पुढची तारीख. एका कागदावर सही घेतली."

"कशावर?"

"माहीत नाही, गुरुजी. आता वाचत नाही. कोणी बोट ठेवते तिथं करतो."

आतून मंगलीने जेवायला हाक मारली. उठण्याआधी त्याने आलेल्या वाटेकडे एकदा वळून पाहिलं. मीही पाहिलं. वाटेवर कोणी नव्हतं.