बस्त्याच्या आदल्या दिवशीचा रिपोर्ट

माझ्या धाकट्या बहिणीला लग्नाच्या तीन आठवडे आधी ताप आला आणि आमच्या घरात सगळ्यांना एकदम डॉक्टरकी यायला लागली. चुलतीने सांगितलं, दृष्ट लागली. आई म्हणाली, उन्हातून येऊन फ्रिजमधलं पाणी प्यायली. नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, सिन्नरच्या मेडिकलमधून कोविडचं घरी करायचं किट आणलं, चष्मा लावून त्यातला कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला आणि स्वतःच्या हाताने लेकीच्या नाकात काडी घातली. एक रेघ आली. एक रेघ म्हणजे निगेटिव्ह. नानांनी त्या पट्टीचा फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘विषय संपला.’

मी नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. कोविडच्या सालापासून मी इतक्या लोकांच्या नाकात काड्या घातल्या आहेत की रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं तर मला आधी त्याचं नाक आठवतं. त्यामुळे नाकाच्या बाबतीत विषय संपला की नाही हे मी ठरवते, असा माझा एक समज आहे. त्यात माझा पारा लवकर चढतो. मी नानांना लगेच फोन लावला.

‘नाना, ताप कधी आला?’

‘काल, बुधवारी संध्याकाळी.’

‘मग एका रेघेला काही अर्थ नाही. परत करावी लागेल.’

‘अगं, पट्टी कोरी हाय म्हणल्यावर कोरी हाय. तुला काय घरबसल्या तिकडून दिसतंय व्हय?’

घाई नानांची नव्हती, रविवारची होती. रविवारी बस्ता होता. आमच्याकडे बस्ता म्हणजे दोन्हीकडची माणसं एकाच कापडाच्या दुकानात, एकाच गादीवर, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बसून लग्नाचे सगळे कपडे काढतात. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, मामांचे टॉवेल-टोप्या, सगळं. मुलाकडचे वणीचे. ते बाराजण, आम्ही पंधराजण, मधे साड्यांचा डोंगर आणि दुकानदाराचा चहा. नवरीशिवाय बस्ता होत नाही. बस्ता पुढे ढकलला तर लोक कारण विचारतात, आणि नवरीला ताप आहे असं कारण सांगितलं तर लोक स्वतःच्या मनाने पुढचं जुळवतात. आमच्या बहिणीचं एक स्थळ आधी ठरता ठरता असंच कुठल्याशा कुजबुजीवरून गेलं होतं. नानांनी ते मनाला फार लावून घेतलं होतं. म्हणून त्यांना ती एक रेघ इतकी गोड लागत होती.

हे मला तेव्हा कळत होतं का? कळत होतं. पण टेस्टचा विषय निघाला की मला दुसरं काही ऐकू येत नाही.

शुक्रवारी दुपारी मी लॅबमधून सँपल घ्यायचं सामान आणि बर्फाची पेटी घेतली आणि एसटीने गावी गेले. बहीण गोधडी पांघरून पडली होती, डोळे लाल, आवाज बसलेला. मी अंगाला हात लावून बघितलं आणि सगळ्यांच्या देखत सांगून टाकलं, ‘कोविडच आहे. पैज लावा.’

‘किटात नाय आला ना,’ नाना म्हणाले.

‘किटला थोडासा विषाणू दिसत नाही, नाना. दोन रेघा आल्या तर बहुतेक खरंच असतं. एक आली तर एवढंच कळतं की आज दिसला नाही.’

‘म्हणजे एक रेघ आली तर खोटी आणि दोन आल्या तर खरी? हे बरंय तुमचं!’

मग मला त्यांच्याच धंद्यातलं सुचलं. आमचा कांदा आहे. बाजार समितीत लिलावाला व्यापारी ट्रॅक्टरवर चढतो, वरचा कांदा हातात घेऊन बघतो आणि बोली लावतो. नंतर त्याच्या खळ्यावर माल खाली होतो. तिथे तळाला ओला कांदा निघाला की व्यापारी वांधा काढतो आणि ठरलेला भाव खाली येतो. दोन वर्षांपूर्वी नानांच्या ट्रॅक्टरवर असा वांधा निघाला होता आणि पुढचे चार दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नव्हते.

‘व्यापाऱ्याने वरून बघितला तेव्हा कांदा कसा होता, नाना?’

‘एक नंबर.’

‘आणि तळाला?’

नानांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, ‘घे. खालपर्यंत बघ एकदा. पण परवाच्या आत सांग.’

मी काडी आत घातली तशी बहीण माझ्या तोंडावर शिंकली. मास्क होता म्हणून बरं. तेवढ्यात मी तिला नेहमीचा प्रश्न विचारला, गेल्या आठवड्यात कुणाच्या जवळ गेली होतीस? रविवारी मैत्रिणीकडे, ती म्हणाली, आणि पुन्हा गोधडीत गेली. मला ते पटलं. मी तिची बहीण आहे आणि तरी मला ते पटलं, हे लिहायला लाज वाटते.

लॅबमधल्या मोठ्या मशीनवर एकाच सँपलमध्ये कोविड आणि फ्लू दोन्ही बघता येतात. शनिवारी सकाळी रिपोर्ट आला. कोविड निगेटिव्ह. फ्लू पॉझिटिव्ह.

मी दोनदा नाव तपासलं. शेजारच्या टेबलवरच्या सहकारी बाईंनी माझं तोंड बघितलं आणि विचारलं, ‘पैज किती रुपयांची होती?’ त्या घरच्या किटने काहीच चूक केली नव्हती. त्याला कोविड आहे का एवढंच विचारलं होतं आणि त्याने नाही असं बरोबर उत्तर दिलं होतं. फ्लूचं त्याला कुणी विचारलंच नव्हतं. चुकले होते मी, तेही कांद्याचे दाखले देऊन.

घरी फोन लावला. नानांनी स्पीकरवर टाकला आणि मी सांगितल्याबरोबर तिकडे जल्लोष झाला.

‘साधा फ्लू!’ नाना ओरडले. ‘मी म्हणत नव्हतो? आता बस्ता होणार. थांब, तुला आकडे वाचून दाखवतो.’

नानांना कुणीतरी मोबाइलवर एक तक्ता पाठवला होता. तरुण माणसं कोविडने किती गेली आणि फ्लूने किती, असा. गेले दोन दिवस त्यांनी तो पाठ केला होता. दोन्हीकडे आकडे लहान होते आणि फ्लूचा तर अगदीच बारका होता. नानांचं म्हणणं असं की पोरगी पंचविशीची, रोग फ्लूचा, म्हणजे घाबरण्यासारखं उरलं काय?

हरलेल्या माणसाला वाद घालायला जास्त जोर येतो. मी सुरू झाले. ‘नाना, कोविडच्या वेळी ज्याला त्याला पकडून टेस्ट केली. फ्लूची कुणी केली? आपल्या गावात ताप येतो, जातो, कोण लिहून ठेवतं? कुणी दगावलं तर कागदावर निमोनिया लिहितात. म्हणजे एक ढीग काट्यावर मोजला आणि दुसरा नुसत्या नजरेने, आणि तुम्ही दोघांचा भाव करताय.’

‘पण तरणी पोरं मरत नायत हे तर खरं ना?’

‘कमी मरतात. हे खरं आहे.’

‘मग झालं!’

‘कमी म्हणजे नाही असं नाही, नाना!’

‘तू पैज हरली म्हणून चिडती!’

ते खरंच होतं, म्हणून मी आणखी चिडले. आम्ही बापलेक स्पीकरवर पाच मिनिटं भांडलो. कोणती टेस्ट किती खरी, कोणता आकडा किती खरा. मग मधेच आईचा आवाज आला. आई या सगळ्यात दोन दिवस काही बोलली नव्हती.

‘आणि हिची नणंद? ती नाय का येणार उद्या? सातवा महिना हे तिला.’



माझ्या हातात ग्लोव्ह होता, तो काढायचा राहून गेला होता. तो काढत मी खुर्चीवर बसले. गरोदर बाईला फ्लू जड जातो, हे मला शिकवायची गरज नव्हती. रोजच्या कामामुळे मला ते माहीत होतं. तिचं वय सत्तावीस. नानांच्या तक्त्यात ती त्याच बारक्या आकड्याच्या रकान्यात बसली असती, कारण तिथे फक्त वय लिहिलेलं असतं. आणि उद्या ती माझ्या बहिणीच्या मांडीला मांडी लावून दिवसभर बसणार होती. दोन दिवस मी किट बरोबर की चूक यावर घसा फोडला आणि गादीवर कोण कोण बसणार आहे हे एकदाही मोजलं नाही. मोजलं ते आईने.

‘व्याह्यांना सांगावं लागेल, नाना,’ मी म्हणाले.

‘हं.’

‘मी करू का फोन?’

‘नको,’ ते म्हणाले. मग हळू आवाजात, ‘लग्न मोडलं तर?’

आई म्हणाली, ‘मोडू द्या. त्या पोरीला काय झालं तर त्या घरात आपली पोरगी कशी नांदंल?’

नानांनी माझा फोन तसाच चालू ठेवला आणि चुलत्याच्या फोनवरून वणीला लावला, तोही स्पीकरवर. त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. सुरुवातीला पाऊसपाणी, द्राक्षं, तब्येत. मग नाना म्हणाले, ‘व्याही, एक सांगायचं व्हतं. वाईट वाटून घेऊ नका. आमच्या लेकीला ताप हाय. तपासलं, फ्लू निघाला. तुमच्या घरात दोन जिवांची लेक हाय. उद्याचा बस्ता नको.’

तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग व्याही म्हणाले, ‘नाना, आता तुम्ही बोललाच तर सांगतो. आमच्या पोराला मंगळवारपासून ताप हे. आम्ही पण किट आणलं, एक रेघ आली. म्हटलं सांगायचं कसं? तुम्ही म्हणाल पोरगं दुखणाईत हे.’

‘म्हणजे तुम्ही पण…’

‘आम्ही पण.’

आधी कोण हसलं ते आठवत नाही. दोघं हसत होते आणि मधेच नाना थांबले. ‘पण दोघांना एकदम कसा आला?’ मंगळवार, बुधवार, त्याच्या आधीचा रविवार. नानांनी बोटांवर मोजलं असणार. गोधडीतून बहिणीचा बसलेला आवाज आला, ‘नाना, आम्ही दोघं नाशिकला मिसळ खायला गेलो होतो.’ चुलती म्हणाली, ‘बघा, हीच ती दृष्ट!’ घरभर हशा पिकला. माझं हसणं मात्र लवकर थांबलं, कारण मला मघापासून एकच गोष्ट विचारायची होती.

‘नाना, त्यांना विचारा, लेक कुठे आहे त्यांची?’

लेक घरातच होती. बाळंतपणाला गुरुवारीच माहेरी आली होती, आणि भावाला डोक्यावर पट्ट्या ठेवत होती. कोविड नाही म्हणल्यावर कुणाला वेगळं राहायचं सुचलंच नव्हतं.

मी नानांना मधे बोलूच दिलं नाही. व्याह्यांना सांगितलं, तिला आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे न्या, भावाला फ्लू असणार असं सांगा, आणि तिला दुसऱ्या घरी ठेवा. ते तासाभरात निघाले. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि सांगितलं, अंग तापलं की वाट बघायची नाही, लगेच सुरू करायच्या आणि त्यांना कळवायचं. तिला आत्याच्या घरी नेऊन ठेवलं.

रविवारी दुपारी तिला ताप आलाच. गोळ्या हाताशी होत्या, तासाभरात पहिली पोटात गेली, संध्याकाळी डॉक्टरांनी बघितलं. इतकं सगळं वेळेवर होऊनही मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

नाना सोमवारपासून रोज सकाळी म्हशीचं दूध काढून झालं की वणीला फोन लावायचे. त्या पोरीला त्यांनी आयुष्यात दोनदा बघितलं होतं, एकदा बघण्याच्या कार्यक्रमाला आणि एकदा सुपारीला. फोन झाला की मला लावायचे. आज ताप इतका होता, आज खोकला जास्त आहे, आज पोटातलं बाळ फिरतंय म्हणे. तक्त्याचं त्यांनी नाव काढलं नाही. एकदा मीच त्यांना धीर द्यायला म्हणाले, ‘नाना, इतक्या लवकर औषध सुरू झालं की बहुतेक जणी बऱ्या होतात.’ ते माझ्यावर खेकसले, ‘बहुतेक जणींचं मला काय करायचं? हिचं सांग!’

गुरुवारी त्यांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये सँपलवर नंबर चिकटवत होते. त्या दिवशी वणीचा फोन पहिल्यांदा त्या पोरीने स्वतः उचलला होता. ती म्हणाली होती, ‘काका, ताप नाही. आणि मला लय भूक लागलीय.’

‘तिला भूक लागलीय,’ नाना मला म्हणाले. मग परत म्हणाले, ‘भूक लागलीय तिला.’ फोन तसाच चालू ठेवून ते रडले, आणि इकडे मीही रडले.