डाव्या खांद्याची रायफल

“होती गं, हीसुद्धा होती. पण मी वेळेत मोडली ती सवय.”

आई बाहेरच्या खोलीत समोरच्या ब्लॉकमधल्या काकूंना सांगत होती आणि मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. काकूंचा धाकटा मुलगा डाव्या हाताने जेवतो, त्याचं काय करावं, असा विषय चालला होता.

“हल्ली म्हणे काही करायचं नसतं,” काकू म्हणाल्या. “त्याची सिंगापुरी टीचर म्हणाली, लीव्ह हिम, लाह.”

“तिला काय जातंय म्हणायला? उद्या कुणाकडे आरतीला गेलात आणि त्याने प्रसादाला डावा हात पुढे केला, तर लोक टीचरला बोलणार आहेत का?” आई हसली. “हिच्या उजव्या हातात मी एक बांगडी घातली. बांगडीच्या हाताने जेवायचं, बांगडीच्या हाताने प्रसाद घ्यायचा. मारलं नाही, ओरडले नाही. पोरगी आपोआप वळली. आता अक्षर बघ तिचं!”

मी ट्रे घेऊन बाहेर आले. काकूंनी माझ्या हाताकडे असं पाहिलं, जसं आपण दुरुस्त करून आणलेल्या घड्याळाकडे बघतो. “खरंच की. कळतसुद्धा नाही.”

मी हसले आणि आत गेले. घरात मी तशीही कमीच बोलायचे, आणि जे बोलायचे ते इंग्रजीत. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नसे. पण त्या दिवशी मला आईला एक गोष्ट सांगायची होती, मराठीतच, आणि काकूंनी नेमका तोच विषय काढला होता. चहाचे कप परत आत आले तरी मी ती सांगितली नव्हती.

गोष्ट रायफलची होती.

पॉलिटेक्निकमध्ये पहिल्याच आठवड्यात सगळे क्लब आपापली टेबलं मांडून बसले होते. नाचवाले हाका मारत होते, नाटकवाले हात धरून ओढत होते. एका टेबलामागे दोन मुली गप्प बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर काळी वर्तुळं छापलेल्या कार्डांचा एक गठ्ठा होता. मी तिथे नाव दिलं. नेमबाजीत बोलावं लागत नाही, हे मला तिथेच उभ्या उभ्या कळलं होतं.

पुण्याच्या चुलतभावाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, “खरी रायफल? का आपली प्लास्टिकच्या छऱ्यांची?” त्याच्याकडे जत्रेतून आणलेली तसली एक होती. इथे सिंगापुरात तसली खेळण्यातली बंदूकसुद्धा घरात ठेवता येत नाही, हे त्याला पटेना. आमच्या एअर रायफली हवेच्या दाबावर चालायच्या, शिशाचा बारीक छर्रा सोडायच्या, आणि रेंजवरच्या कुलूपबंद खोलीतून बाहेर यायच्या त्या फक्त सरावापुरत्या. स्वतःची विकत घेतली तरी ती त्याच खोलीत राहणार.

आमच्या कोच पन्नाशीच्या बाई होत्या. केस बारीक कापलेले, आवाज मोठा. त्यांनी सुरुवातीलाच प्रत्येकाला भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट रोखायला लावलं आणि एकेक डोळा मिटायला सांगितला. कुठला डोळा मिटल्यावर बोट घड्याळावरून सरकतं, ते बघायचं. माझं बोट डावा डोळा मिटल्यावर सरकलं.

“लेफ्ट आय बॉस,” कोच म्हणाल्या आणि त्यांनी रॅककडे वळून बघितलं. क्लबच्या सगळ्या रायफली उजव्या खांद्याच्या. “लिहितेस कुठल्या हाताने?”

“राइट.”

“ओके. मग पट्टी लाव.”

डाव्या डोळ्यासमोर पांढऱ्या प्लास्टिकची एक पट्टी आली. दोन वर्षं मी तसाच नेम धरला. पुष्कळ जण धरतात, त्यात विशेष काही नाही. मी वाईट नव्हते. पण सात-आठ छर्रे नीट जायचे आणि एखादा उगाच बाहेर भटकायचा. उजवा डोळा पाणावायचा, मान अवघडायची. मला वाटायचं, हा खेळच असा अवघड असतो.

दुसरं वर्ष संपताना कोचनी सांगितलं, टीममध्ये यायचं तर स्वतःची रायफल बघ, सेकंडहँड चालेल. क्लबच्या रायफली रोज नव्या हातात जातात, खांद्याला टेकणारा दस्ता कुणाच्या मापाचा राहत नाही. सुट्टीत मी टॅम्पिनीसच्या मॉलमधल्या पुस्तकांच्या दुकानात काम केलं होतं. बाबा म्हणाले होते, जेवढे तू साठवशील तेवढेच मी घालीन. दोन्ही मिळून नवी रायफल येण्यासारखी नव्हती. कॅटलॉग मी उघडलासुद्धा नाही.

विकाऊ अशा दोनच होत्या. एक आमच्या सीनियरची. तिला नोकरी लागली होती. रायफल उजव्या खांद्याची, निळसर झाक असलेली, इतकी जपलेली की दस्त्यावर बोटाचा ठसा सापडू नये. दुसरी शिकायला ऑस्ट्रेलियाला गेलेल्या एका मुलाची. ती डाव्या खांद्याची होती. गाल टेकतो तिथला रंग उडालेला, आणि गिऱ्हाईक नाही म्हणून वर्षभर कोपऱ्यात उभी.

एका दुपारी कोचनी मला रायफली पुसायला बसवलं. पुसता पुसता कोपऱ्यातल्या त्या रायफलीपर्यंत आले. पुसून झाल्यावर ती परत ठेवायला उचलली आणि काही विचार न करता डाव्या खांद्याला लावली. डाव्या हाताची बोटं मुठीच्या खाचांत जाऊन बसली. नेम धरायच्या मागच्या चकतीतल्या भोकातून पलीकडचं वर्तुळ दिसलं, आणि ते दिसायला मला काहीच करावं लागलं नाही. पट्टी नको, मान वाकडी नको.

“ट्राय, लाह,” मागून कोचचा आवाज आला. मी दचकले. “पाच शॉट.”

पाच छर्रे मारले. कार्ड जवळ आणलं तर एकही मध्यावर नव्हता. पाचही खाली, डावीकडे. पण ते सगळे एकमेकांना चिकटून होते. शर्टाचं एक बटण ठेवलं असतं तर त्याखाली झाकले गेले असते. छर्रे मध्यावर नाहीत, म्हणजे ती मागची चकती त्या मुलाच्या डोळ्याप्रमाणे लावलेली आहे; ती फिरवून आणता येते. छर्रे एका जागी पडले, तो हात माझा.

कोचनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. “हू टोल्ड यू यू आर राइट-हँडेड?”

मी ते कार्ड मागून घेतलं. एमआरटीच्या ट्रेनमध्ये बसल्यावर ते बॅगेतून काढून बघितलं, आत ठेवलं, पुन्हा काढलं. शेजारच्या आजोबांनी एकदा वाकून पाहिलं. त्यांना त्यात एक फाटकं भोक दिसलं असेल. मला इतका अभिमान वाटत होता की कुणी काही विचारू नये म्हणून मी तोंड खिडकीकडे केलं.

कोचनी दुसरी बाजूही लपवली नाही. डाव्या खांद्याला घेतलीस तर सगळं पहिल्यापासून, म्हणाल्या. पाय कसे ठेवायचे, श्वास कुठे थांबवायचा, छर्रा कुठल्या हाताने भरायचा, सगळं. टीमची निवड तोंडावर आली आहे, ती हुकेल. उजवी घेतलीस तर टीममध्ये नक्की आहेस. “विचार कर. आईवडिलांना घेऊन ये. सही त्यांची लागेल.”

टीम हुकली असती तर मी सोसलं असतं. अडत होतं ते आईपाशी. सिंगापूरला आलो तेव्हा मी लहान होते आणि आईला इथे कुणी ओळखत नव्हतं. जी चार मराठी घरं भेटली, त्यांच्यासमोर तिने मला वळण लावलं होतं. तिच्या दृष्टीने ती बांगडी म्हणजे न मारता, न रडवता जिंकलेली गोष्ट होती. आणि मला ती जिंकलेली गोष्ट तिच्यासमोर परत करायची होती. काकू येऊन गेल्यापासून तर मला ते अशक्यच वाटायला लागलं.

शनिवारी आम्ही तिघं रेंजवर गेलो. आईने कोचसाठी चिवड्याचा डबा घेतला होता आणि पुण्याला फोटो पाठवायला कॅमेरा. बाबा रॅफल्स प्लेसला बँकेत हिशेब तपासतात. ते ऑफिसला निघाल्यासारखा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. दोन्ही रायफली टेबलावर, नळ्या लक्ष्याच्या बाजूला करून ठेवल्या होत्या.

“ही!” आईने लगेच निळ्या रायफलीकडे बोट दाखवलं. “किती छान ठेवलीय बघा. नवीच वाटते.”

“दुसरी एवढी स्वस्त का?” बाबांनी कोचना इंग्रजीत विचारलं.

“लेफ्ट-हँडेड. नोबडी वाँट.”

“म्हणजे पुढे विकायची वेळ आली तर आपल्यालाही गिऱ्हाईक मिळणार नाही.” बाबा मान हलवत माझ्याकडे वळले. “मग ठरलंच की. या दुसरीचा विचार कशाला करायचा?”

“चिवडा घ्या ना,” आई कोचना म्हणाली. कोचनी मूठभर घेतला, तोंडात टाकला आणि त्या म्हणाल्या, “हर रायफल. शी डिसाइड.”

मग तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मला हे मुळीच आवडत नाही. मी टेबलाकडे उजवा हात नेला आणि बांगडी निळ्या नळीवर टक्कन वाजली.

“अगं अगं, ओरखडा पडेल!” आईने तळवा पुढे केला. “आण ती बांगडी इकडे. मी धरते.”

ती लहानपणची बांगडी नव्हती, अर्थात. ती कधीच लहान झाली होती. मग दुसरी आली, मग तिसरी, आणि आता ही सोन्याची बारीक. बांगडी बदलत गेली. हात तोच राहिला. रेंजवर मी ती रोज काढून खिशात टाकायचे, पण आईच्या हातात कधी दिली नव्हती. मी ती काढली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. तिने मूठ मिटली.

मी रंग उडालेली रायफल उचलली आणि डाव्या खांद्याला लावली. गाल टेकवला. समोरचं वर्तुळ आलं आणि थांबलं. रायफल रिकामीच होती, पण मी श्वास धरून ठेवला.

“अहो, तिने दुसरीच घेतली,” बाबा कोचना म्हणाले, आणि मराठीत म्हणाले हे त्यांच्या लक्षात आलं नाही. कोच चिवडा चावत राहिल्या.

मी रायफल खाली ठेवली आणि आईकडे पाहिलं. ती रायफलीकडे बघतच नव्हती. ती माझ्या डाव्या हाताकडे बघत होती. खूप दिवसांनी भेटलेल्या माणसाला ओळखायला थोडा वेळ लागतो, तसं.

“विसरलीच नाहीस का गं?” तिने हळूच विचारलं.

उत्तर इंग्रजीत तयार होतं. ते मी गिळलं. मराठीतले शब्द एकेक करून गोळा केले, आणि रेंजवर पहिल्यांदाच माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला.

“आई, मी डावखुरी आहे. आणि माझा नेम चांगला आहे.”