आव, बेस, पाणी पी

झमकू याडीला मराठी येत नव्हती असं नाही. सोनपेठच्या बाजारात ती मिरचीवाल्याशी मराठीत कडाकडा भांडायची. पण तिच्या स्वतःच्या दारात कुणी मराठीत काही विचारलं, की ती ऐकूच न आल्यासारखी समोरच्या बाभळीकडे बघत बसायची.

बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या शाळेत मी नव्याने रुजू झाले होते. तिची नात पूजा शाळेत आली नाही म्हणून विचारायला गेले, तर म्हातारीची नजर बाभळीवरून हलेना. शेवटी पूजाच आतून ओरडली, "बाई, ती घरी मराठी बोलत नसती!"

तेव्हा याडी हसली आणि चक्क मराठीत म्हणाली, "तुमच्या शाळेनं नातीची बोली नेली. आता ती माझ्यासंगं बी मराठीच बोलती. मग मी कुणासंगं बोलू? तू शिक आमची गोरमाटी."

गोरमाटीत याडी म्हणजे आई. सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा. दिवाळी झाली की तांड्याच्या दारांना कुलपं लागायची. याडीची एकुलती लेक कमल आणि जावईही ऊसतोडीला कर्नाटकात जायचे. मागे राहायची याडी, चार-दोन लेकरं आणि कानाने अधू झालेले रामजी नाईक. "रामजीला हाक मारण्यापरीस बाभळीला मारलेली बरी," याडी म्हणायची.

मीही तशी एकटीच होते. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आई-वडील वालूरला, मी सोनपेठला भाड्याच्या खोलीत. शाळा सुटल्यावर बोलायला कुणी नसायचं. म्हणून एसटीची वेळ होईपर्यंत मी याडीच्या ओसरीवर बसू लागले.

पहिला धडा होता, "आव, बेस, पाणी पी." ये, बस, पाणी पी. दारात आलेल्या माणसाला आधी हे म्हणायचं, नाव-गाव नंतर. मला मात्र कॉलेजातली सवय. मी म्हणाले, "याडी, मी जाते, तू जातेस, ती जाते, असं क्रमानं सांग ना."

"कुठं जायलीस? बस की गपचीप!"

एकदा मी मोठ्या तयारीने म्हणाले, "मार नाम सुनीता छ." ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. "नाव ठावं हाय गं मला. भूक लागली का, ते सांग."

त्यांच्यात एक रीत आहे. खूप दिवसांनी भेटलेल्या बाया एकमेकींच्या गळ्यात पडून सुरावर रडतात आणि मधल्या दिवसांत काय काय झालं ते त्या रडण्यातच सांगतात. मी म्हणाले, "तेही शिकव."

"ते शिकवायचं नसतंय. माणूस भेटलं की आपसूक येतंय." मग वाटेकडे बघत ती म्हणाली, "कमल येईल तवा मी असेन-नसेन. दारात तिला आव म्हणणारं कुणीतरी पायजे. पूजा तर म्हणती, मम्मी आली."

ऐन थंडीत याडीला ताप भरला. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही. कमल रात्रभर प्रवास करून पोहोचली, तोवर सगळं उरकलं होतं. ती गाठोडं घेऊन अंगणात उभी राहिली. पूजा म्हणाली, "मम्मी, आजी गेली." कमल बाभळीकडे बघत राहिली, अगदी तिच्या आईसारखी. डोळे कोरडे होते.

मी ओसरीवरून उठले. याडी जशी लांबवून म्हणायची, तसंच माझ्या तोंडून आलं, "आऽव. बेऽस."

कमलने वळून पाहिलं. हातातलं गाठोडं खाली पडलं. तिने माझ्या गळ्यात हात टाकले आणि सुरावर रडू लागली. त्यातलं मला थोडंच कळलं. याडी, ऊस, लांबची वाट. मग माझ्याही गळ्यातून तोच सूर निघाला. याडीचा ताप, दवाखाना, तिने शेवटी घेतलेलं कमलचं नाव, सारं मी मोडक्यातोडक्या गोरमाटीत आणि उरलेलं मराठीत सांगत होते.

दोघींचे हात सुटले, तेव्हा पूजा तांब्या घेऊन उभी होती.

"पाणी पी, याडी," ती कमलला म्हणाली.