छातीतलं पाणी, माठातलं पाणी

माझ्या छातीत पाणी झालंय, हे डॉक्टरांनी माझ्या घरच्यांना वॉर्डाबाहेर बोलावून सांगितलं. आजाऱ्याला त्याचं दुखणं सांगू नये, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे माझं निदान मला सोडून सगळ्यांना कळलं.

नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मी पाथर्डीत शाळेवर शिकवत होते. रोज संध्याकाळी ताप चढायचा. श्वास घेतला की उजव्या कुशीत कळ यायची. खडूच्या धुळीनं होत असेल म्हणून मी ते अंगावर काढलं. एकदा फळ्यासमोरच दम लागून खाली बसले, तेव्हा कुठे यजमान मला जीपनं नगरच्या दवाखान्यात घेऊन आले. एक्स-रेत 'प्लूरल इफ्यूजन' निघालं. म्हणजे फुफ्फुस आणि बरगड्यांच्या मधल्या जागेत द्रव साचणं. सुईनं तो काढायचा होता, पण आधी रक्ताचे रिपोर्ट यायचे होते.

यजमानांना रजा मिळेना. माझ्याजवळ सासूबाई राहिल्या.

सासूबाई मला पाण्यात पाहतात, हे मी लग्नापासूनच धरून चालले होते. त्यांना भाचीला सून करायचं होतं, आणि आली ही नोकरीवाली. त्या फारशा बोलत नसत, मीही बोलत नसे. असा आमचा छान संसार चालला होता.

एप्रिलचं ऊन, वर पत्रा, अंगात ताप. घामानं चादर ओली व्हायची आणि जीभ टाळूला चिकटायची. मी पाणी मागितलं की सासूबाई गोळीपुरतं घोटभर द्यायच्या आणि तांब्या खाटेखाली सरकवून ठेवायच्या. दुसऱ्यांदा मागितलं की, "बास झालं आता." तिसऱ्यांदा मागितलं की तोंड फिरवून बसायच्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं एकदा फुलपात्र पुढे केलं, तर सासूबाईंनी ते तिच्या हातातून काढून घेतलं. यजमान संध्याकाळी घटकाभर यायचे, तेव्हा त्या समोरच असायच्या. सांगणार कसं? आणि आई मला तहानेनं मारतेय, यावर कोणता मुलगा विश्वास ठेवेल?

मला खरंच भीती वाटत होती. लघवी जवळजवळ बंद झाली होती. उठून बसलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची. ही बाई माझ्या मरणाची वाट पाहतेय, याबद्दल मला शंका उरली नव्हती.

वऱ्हांड्यात माठ होता. एका दुपारी सासूबाईंचा डोळा लागलेला पाहून मी भिंतीला धरून निघाले. ओगराळं माठात घातलं आणि मागून माझं मनगट कुणीतरी पकडलं. त्या पकडीत इतका जोर होता की ओगराळं पडलं आणि पाठोपाठ मीही.

सिस्टरनं मला उचलून खाटेवर आणलं. डॉक्टर आले. माझी जीभ पाहून त्यांनी ताबडतोब सलाईन लावायला सांगितलं आणि विचारलं, "ह्यांना पाणी देत नव्हता का?"

"न्हाई," सासूबाई म्हणाल्या. "तुमीच तर म्हनला, छातीत पानी झालंय. मंग वरून आनखी कसं घालायचं?"

डॉक्टर हसले नाहीत. ते खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "मावशी, फोडातून लस येते ना, तसली लस आहे ती. प्यालेलं पाणी तिथं जात नाही. मी पाणी म्हणालो, चूक माझी."

सासूबाईंनी तांब्या उचलला, फुलपात्र भरलं आणि डॉक्टरांकडे बघत विचारलं, "देऊ का?" डॉक्टरांनी मान हलवल्यावरच त्यांनी ते माझ्या ओठांना लावलं.

पुढे सुईनं द्रव काढला. पिवळसर, चांगला बाटलीभर. टीबीचा होता. कित्येक महिने गोळ्या चालल्या. त्यातल्या 'रिफाम्पिसिन'नं लघवी नारिंगी होते, रक्त नसतं ते, घाबरू नका. सासूबाईंनी ती पाहिली मात्र, आणि तडक जीप धरून डॉक्टरांना विचारायला नगरला गेल्या. आता त्या कुणाच्याच शब्दावर विसंबणार नव्हत्या.

तुमच्या घरात कुणी असं आजारी असेल, तर आजाऱ्याला त्याचं दुखणं सांगा. डॉक्टरांनी वापरलेला साधा शब्दसुद्धा पुन्हा विचारून घ्या. मला छातीतल्या पाण्याचं कळलं असतं, तर त्यांची भीती मला पहिल्याच दिवशी समजली असती. न कळल्यामुळे मी त्यांच्यात फक्त खाष्ट सासू पाहिली.

बरी झाल्यावर मी त्यांना सांगून टाकलं, "आत्याबाई, मला वाटायचं, मी तुम्हाला नकोशी झालेय."

त्या ज्वारी निवडत होत्या. सूप त्यांनी बाजूला ठेवलं. मग त्यांनी आपल्या धाकट्या भावाचं सांगितलं. त्याच्या पोटात पाणी झालं होतं, जलोदर. डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलं होतं. घरच्यांची नजर चुकवून तो माठातलं प्यायचा. त्यातच तो गेला, असं त्या आजवर धरून होत्या.

"तू पानी मागायचीस तवा मला लई राग यायचा. वाटायचं, हिला जगायचंच न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् त्या दिवशी माठापाशी तू मला दिसलीच न्हाईस, पोरी. त्योच उभा हुता. म्हनून मनगट धरलं. येळेला त्याचं धरता आलं न्हवतं."