तीन बोटं गवत

डेल्फिना मूळची सपाटीवरची. तिचं माहेर भातखाचरांच्या मुलखात, जिथं कोंबडी बांधावर चढली तरी चार गावांना दिसते. लग्न होऊन लांगेच्या टेकड्यांत आली तेव्हा पहिले सहा महिने तिला घरातली भांडीसुद्धा एका अंगाला कलंडल्यासारखी वाटायची. नवरा रेमो शहराकडच्या बसवर ड्रायव्हर, सकाळी जायचा तो दिवेलागणीला उगवायचा. घरामागच्या उतारावरची हेझलनटची बाग बघायचा सासरा, सेकोंदो. आईबापांनी दुसरं पोर म्हणून ‘दुसरा’ याच अर्थाचं नाव ठेवलं खरं, पण आयुष्यात कुणाच्या मागं दुसरा उभा राहील असला तो गडी नव्हता.

बावीस वर्षं डेल्फिनानं गावच्या शाळेत पोरांना रांधून घातलं. मग गावातली पोरंच संपली, शाळेला कुलूप लागलं. त्याच वसंतात सेकोंदो शिडीवरून पडला आणि त्याच्या खुब्यात लोखंड बसलं. ट्रॅक्टर गोठ्याच्या छपराखाली उभा तो उभाच. रेमो म्हणाला, बाग कुणाला तरी कसायला देऊन टाकू. डेल्फिना ताटं उचलत होती. ती म्हणाली, “मी बसते ट्रॅक्टरवर.”

तिसऱ्या दिवशी सेकोंदोनं पोलेंटाच्या, म्हणजे मक्याच्या घट्ट पेजेच्या, थाळीशेजारी किल्ली टाकली. देताना अट घातली, काम झालं की किल्ली संध्याकाळी त्याच्या हातात आली पाहिजे. ती मग त्याच्या बंडीच्या खिशात जायची आणि बंडी त्याच्या उशाला.

उतारावर ट्रॅक्टर कसा घ्यावा, ओल असली की कुठं जाऊ नये, ब्रेक कधी दाबायचा आणि कधी चुकूनही दाबायचा नाही, हे सगळं तो काठी टेकून बांधावरून शिकवायचा. डेल्फिना पटकन शिकली. शंभर पोरांच्या सूपचं पातेलं एकटीनं उतरवणाऱ्या बाईला लिव्हरचं काय भय? अडलं ते एकाच ठिकाणी, गवतापाशी.

हेझलनट कुणी झाडावरून तोडत नाही. ऑगस्ट निम्मा सरला की दाणा आपणहून खाली पडतो आणि मग वेचणीचं यंत्र बागेत उतरतं, ब्रशांनी दाणा लोटत लोटत आत ओढून घेतं. म्हणून दाणा पडायच्या आधी झाडांखालचं गवत कापून जमीन सतरंजीसारखी करावी लागते. ट्रॅक्टरमागं मल्चर जोडायचा, त्याच्या पोटात एक आडवा दांडा गरगर फिरतो आणि दांड्याला लोंबणारी लोखंडी पाती गवताचा भुगा करतात. गवत उंच राहिलं तर दाणा त्यात दडतो, यंत्राला सापडत नाही. फार खाली कापलं तर पाती माती खरवडतात, आणि मग यंत्र दाण्यापेक्षा खडे आणि धूळच जास्त गिळतं. या टेकड्यांत बाईचा उंबरा बघून घर ओळखावं तसं झाडाखालचं गवत बघून माणूस ओळखतात.

“तीन बोटं,” सेकोंदोनं सांगितलं होतं. “पात्याच्या टोकाखाली तीन बोटं एकावर एक आडवी गेली पाहिजेत. दोन ठेवलीस तर माती खाशील, पाच ठेवलीस तर दाणा हरवशील.” डेल्फिनानं मोजपट्टी आणू का विचारलं तर म्हणाला, मोजपट्टी शिंप्याला लागते.

गेल्या वर्षी तिनं तीन बोटं ठेवली आणि बागेची साफ रया गेली. जागोजाग तपकिरी टकलं. वेचणीचं यंत्र वरच्या वाडीतल्या एवाझियोचं. साठीचा, पोटानं गोल, जिभेनं तिखट. त्याच्या यंत्राच्या पेटीत खडे घुंगरासारखे वाजत होते. दोनदा ब्रश अडकले. तो खाली उतरून म्हणाला, “डेल्फिना, तू गवत कापलंस की दाढी करताना गाल कापलास?” सगळे हसले. सेकोंदो हसला नाही, रागावलाही नाही. नुसता खालच्या टकलाकडं बघत राहिला, आणि तेच तिला जास्त लागलं.

हिवाळ्यात एका रविवारी जेवताना त्यानं भिंतीकडं बघत सांगून टाकलं. अजून एक वर्ष. पुन्हा असंच झालं तर बाग एवाझियोला कसायला द्यायची. रेमो खाली मान घालून खात राहिला. डेल्फिना कढई घासत होती, ती आणखी जोरात घासायला लागली.

तर हे ते एक वर्ष.

ऑगस्टच्या मध्यावरचा, चर्चमधल्या माउलीचा सण होऊन चार दिवस झाले होते. बागेच्या वरच्या कडेला पहिले दाणे टपटपायला लागले होते. एवाझियोनं गुरुवारी येतो म्हणून कळवलं होतं, वर हेही, की बाग गेल्या वर्षासारखी असेल तर यंत्र खाली न टेकवता तसाच माघारी फिरेन. म्हणजे कापणी मंगळवारी झालीच पाहिजे होती, कारण एकदा दाण्याचा सडा पडला की मल्चर आत घालता येत नाही, दाणेच फुटतात.

मंगळवारी सकाळी डेल्फिनानं अंगणातल्या फरशीवर मल्चर टेकवला, इंजिन बंद केलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि पाना घेऊन खाली बसली. मल्चरच्या मागं जो लोखंडी रूळ असतो त्यावर सगळं अवलंबून. रूळ वरच्या भोकांत बसवला की मल्चर खाली बसतो, खालच्या भोकांत बसवला की उचलला जातो. तिनं दोन्ही बाजूंचे बोल्ट सारख्याच भोकात घातले. पाती हिवाळ्यातच नवी बसवली होती. गेल्या वर्षी मल्चर ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा, टॉप लिंक, आवळून ठेवल्यामुळं चढउतारावर मल्चर नाक घासत होता असं तिनं वर्षभर मनाशी धरलं होतं. म्हणून या खेपेला त्याची पिन लांबट खाचेच्या बरोबर मध्ये घेतली, मल्चरला जमिनीबरोबर हलायला जागा ठेवली. मग एक पातं सरळ खाली लोंबतं ठेवून त्याच्याखाली बोटं घातली. एक, दोन, तीन. चिकटून, पण गेली.

पहिल्या ओळीत दोन झाडं छान गेली. तिसऱ्यापाशी करकर सुरू झाली. मागं वळून बघितलं तर हातभर टक्कल. आणखी चार हात पुढं गेली तर दुसरं.

तिनं मल्चर थांबवला, इंजिन बंद केलं आणि ट्रॅक्टरच्या पायरीवर बूड टेकलं. रूळ बरोबर, पाती बरोबर, टॉप लिंक बरोबर. मग उरलं कोण? उरली ती. सपाटीवरची बाई. तिला वाटलं, काही माणसांच्या हातालाच उतार कळत नसेल. आता एवाझियो यंत्र घेऊन येणार, बघणार, फिरणार, आणि पुढच्या वर्षी आपण खिडकीतून त्याचा ट्रॅक्टर आपल्या झाडांखाली बघत टोमॅटो चिरणार.

इतक्यात वरून काठीचा आवाज आला. डॉक्टरांनी सेकोंदोला ही पायवाट बंद केली होती. पण मल्चर दगड खायला लागला की तो आवाज पन्नास वर्षं बाग केलेल्या माणसाच्या दाढेत जातो. म्हातारा झाडाला धर, काठीला धर करत खाली आला. टकलाकडं बघितलं. डेल्फिना उभी राहिली.

“किती ठेवलंस?”

“तीन बोटं. तुम्ही सांगितलीत तेवढीच.”

“दाखव.”

तिनं किल्ली खिशात चाचपली, गुडघ्यावर बसली आणि पात्याखाली तीन बोटं घातली. गेली. सेकोंदोच्या भुवया वर गेल्या. त्यानं काठी फेकली, मल्चरला धरून, कण्हत, चांगला पाय दुमडून तो खाली बसला आणि आपला हात पात्याखाली नेला. एक बोट गेलं. दुसरं घासत गेलं. तिसरं बाहेरच राहिलं. त्यानं पुन्हा रेटून बघितलं. पातं हललं, बोट काही जाईना.

मग त्यानं हात बाहेर काढला आणि मल्चरच्या पत्र्यावर ठेवला. “तुझा ठेव.”

डेल्फिनानं आपला हात त्याच्या हाताशेजारी ठेवला. तिची बोटं शेवग्याच्या शेंगांसारखी, लांब नि बारीक. त्याची बोटं म्हणजे गाजराचे बुडखे. सांधे सुजून पेरापेराला गाठ, एका नखाच्या जागी नुसती कातडी, कुदळीनं आणि द्राक्षवेलींच्या कात्रीनं पन्नास वर्षांत फुगवलेली. त्याची तीन बोटं तिच्या जवळजवळ पाच बोटांएवढी भरत होती.

खालच्या ओढ्याकडं कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं.

सेकोंदोच्या पोटातून आधी खोकल्यासारखं काहीतरी निघालं. डेल्फिनाला वाटलं, म्हाताऱ्याला धाप लागली. पण तो हसत होता. हसता हसता इतका गदगदला की तिला त्याचा दंड धरावा लागला, नाहीतर उताराला लागला असता.

“पोरी,” तो डोळे पुसत म्हणाला, “माझं माप तुझ्या बोटांनी घ्यायला तुला सांगितलं कुणी?”

“माझ्याकडं माझीच आहेत, पापा.”

तो पुन्हा हसला, आणि मग एकाएकी गंभीर झाला. त्याचा बाप, म्हणाला, चार बोटं सांगायचा. बारीक हातांचा माणूस, रविवारी चर्चमध्ये पेटी वाजवायचा. त्या काळी विळ्यानं कापायचे, तरी माप चारच. “मला वाटायचं म्हातारा भित्रा आहे. मी माझ्या हिमतीवर तीन केली. गावात फुशारकीनं सांगत फिरलो.” त्यानं आपल्या बोटांकडं बघितलं. “आणि वर्षभर तुझ्याशी धड बोललो नाही.”

छातीवर ठेवलेलं पोतं कुणीतरी उचलावं तसं डेल्फिनाला झालं, आणि रडू येतंय की हसू हे कळायच्या आत तिनं पाना उचलला.

रूळ दोन्ही बाजूंनी एक भोक खाली घेतला. सेकोंदोनं बोटं घातली, म्हणाला, अजून एक. दुसऱ्या भोकाला त्याची तीन बोटं सुळकन आत गेली. डेल्फिनानं शेजारच्या झाडाच्या बुंध्यातून फुटलेली एक काडी चाकूनं छाटली, म्हाताऱ्याच्या तीन बोटांशी धरली आणि तेवढीच तोडली. काडी एप्रनच्या खिशात, किल्लीच्या जागी, आणि किल्ली ट्रॅक्टरला.

त्यानंतरचं सांगण्यासारखं फार नाही. काम नीट होतं तेव्हा तसंच असतं. ओळीमागून ओळ गेली. करकर नाही, नुसता गवताचा एकसारखा फर्र आवाज. चढाच्या माथ्यावर मल्चर पिनीच्या खाचेत सरकला, पलीकडं उतरताना पुन्हा बसला, जमिनीवर हात फिरवल्यासारखा. चिचुंद्र्यांनी काढलेल्या मातीच्या ढिगांवरूनसुद्धा नुसता शेंडा उडवून गेला. म्हातारा एका पालथ्या खोक्यावर बसला होता. तो काठीनं काहीच दाखवत नव्हता. दोन वर्षांत पहिल्यांदा. दुपारी बारा वाजता चर्चची घंटा झाली तेव्हा शेवटची ओळ संपली, आणि डेल्फिनाला एकदम इतकी भूक लागली की घरी जाऊन तिनं उभ्यानंच अर्धा पाव चीज लावून खाल्ला.

गुरुवारी एवाझियो आला. यंत्र वाटेवरच ठेवून आधी चालत बागेत शिरला. वाकला, गवतावर तळहात दाबला, इकडं दाबला, तिकडं दाबला, गादी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकासारखा. पहिल्या ओळीतली ती दोन टकलं त्याला दिसली.

“हे काय?”

“ते माझ्या बोटांचं,” डेल्फिना म्हणाली.

“बाकीचं माझ्या,” सेकोंदो म्हणाला.

एवाझियोला त्यातलं काही कळलं नाही. पण तो यंत्रावर चढला आणि ब्रश खाली टेकवले. दाणे पेटीत पडायला लागले. डेल्फिना कान टवकारून उभी. लाकडावर लाकूड पडल्यासारखा कोरडा, भरीव आवाज. मध्ये एक खडा ठण्णकन वाजला, पण तो एकच. चौथ्या ओळीनंतर एवाझियोनं यंत्र थांबवून पेटीत हात घातला, मूठभर दाणे काढले, फुंकर मारली. उडायला धूळच नव्हती.

“म्हणजे ही बाग काही मला मिळत नाही,” तो म्हणाला. हिवाळ्यातली गोष्ट त्याच्याही कानावर गेलीच होती, टेकड्यांत भिंतींना कान असतात आणि एवाझियोला तर दोन जास्त. “मी तर खालच्या पाच ओळींसाठी नवी झाडंसुद्धा मनात लावून टाकली होती.”

“मनातली मनातच ठेव,” सेकोंदो म्हणाला. “तिथं गवत कापावं लागत नाही.”

दुपारी तुतीच्या झाडाखाली डेल्फिनानं थाळ्या मांडल्या. हिरव्या चटणीतले खारे मासे, टोमॅटो, आणि शेवटी तांबड्या वाइनमध्ये बुडवलेले पीच. एवाझियोनं दोनदा घेतलं, तिसऱ्यांदा थाळी पुढं केली आणि खरं सांग, किती ठेवलं होतंस म्हणून विचारलं. डेल्फिनानं एप्रनच्या खिशातून काडी काढून त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उचलून आपल्या बोटांशी लावली. त्याची साडेतीन भरली. तो बराच वेळ आपल्या हाताकडं बघत बसला, चावायचं विसरून.

संध्याकाळी ट्रॅक्टर छपराखाली लावून डेल्फिना आत आली आणि रोजच्यासारखी किल्ली सेकोंदोपुढं धरली. तो नवा दाणा फोडत होता. त्यानं टरफल उडवलं, दाणा तोंडात टाकला, चावून बघितला.

“बंडी धुवायला टाकलीय,” तो म्हणाला. “राहू दे तुझ्याकडंच.”

बंडी त्याच्या अंगावरच होती. डेल्फिनानं ती बघितली. तिनं दाराजवळच्या खिळ्याला काडी बांधली आणि तिच्याशेजारी किल्ली अडकवली.