बत्तीस पदरी डगला

देवासच्या टेकडीखाली राहणाऱ्या भवानीबाई शिंपिणीच्या हातचा धावदोरा पाहून परगावचे शिंपी विचारीत, की हा यंत्रावर घातला आहे काय. त्यांच्या घरी यंत्र नव्हते. बोटभर जागेत चौदा टाके, सगळे एका लांबीचे, ही त्यांची सासऱ्यांकडून घेतलेली विद्या. वैधव्य आल्यावर त्या विद्येवरच त्यांनी धाकट्या भावाला, गणोजीला, वाढवले. पुढे तो भैयासाहेब सरदारांच्या शिबंदीत शिपाई झाला.

भैयासाहेबांची चार गावे सोनकच्छच्या बाजूला होती. तिकडचे धान्य गाड्यांनी देवासला येई, आणि वाटेत काळीसिंधच्या उतारावर दरोडेखोर टपलेले असत. १९०७ च्या वैशाखात गव्हाच्या गाड्यांपुढे चालणारा तुकाराम नावाचा शिपाई तिथे छातीत गोळी लागून गेला. दसऱ्यानंतर मक्याच्या गाड्या आणायच्या होत्या आणि त्यांच्यापुढे चालण्याची पाळी आता गणोजीची होती.

सरदारांच्या घरी एक जुना जाड डगला होता. आत रेशमाचे पदरावर पदर घातलेले, वर मखमल. थोरल्या सरदारांच्या छातीवर आलेली गोळी त्याने अडवली, अशी घराण्यात ख्याती. दसऱ्याला शस्त्रांबरोबर त्याची पूजा होई. मग तो मानाच्या शिपायाच्या अंगावर चढे, शिपाई सीमोल्लंघनाला गावच्या शिवेपर्यंत जाई आणि परत येऊन डगला शिलेखान्यात, शस्त्रांच्या कोठीत, ठेवी. पूजेआधी त्याची डागडुजी करण्याचे काम भवानीबाईंच्या घराकडे होते.

भाद्रपदातल्या एका सकाळी गणोजी धावतच आला.

"अक्का, मान मला मिळाला! आणि नुसता शिवेपर्यंत नाही. शिवेवर डगला उतरवायचाच नाही. तसाच घालून सोनकच्छकडे जायचे नि गाड्या घरी पोचेपर्यंत तो अंगावर."

"हे कोणी ठरवले?"

"खुद्द भैयासाहेबांनी. म्हणाले, तुकारामाला मी हा द्यायला हवा होता. आता मी छाती काढून चालणार बघ."

भवानीबाईंच्या हातातली सुई थांबली. चार वर्षांपूर्वी त्यांनी तो डगला उसवला, तेव्हा आतल्या रेशमाची बोटांत भुकटी झाली होती. त्यांनी ती झटकून टाकली, आत कापूस भरला आणि कोणाला दिसणार नाही असा टाका घालून तो मिटवला. सासऱ्यांनीही आधी एक-दोन पदरांचे तेच केले होते. पूजेच्या वस्तूत खोट काढू नये, ती गुपचूप भरून काढावी, ही घरची रीत.

"गणोजी, त्या डगल्यात काही नाही रे. तू जाऊ नकोस."

"नाही गेलो, तर जो जाईल त्याच्या अंगावर तोच डगला असेल. मग?"

भवानीबाई उठून शिलेखान्याचे कारकून दत्तोपंत यांच्याकडे गेल्या.

"पंत, मानाच्या डगल्यात रेशीम नाही. कापूस आहे. मीच भरला."

दत्तोपंतांनी आधी दार लोटून घेतले. "चार वर्षे गप्प राहिलात, आणि आता?"

"तो पूजेपुरता होता. देवाच्या घोड्याचे दात कोणी मोजत नाही. आता तो गोळीपुढे जायचा आहे."

"बाई, दरसाल 'डगला शाबूत' असे मी सही करून लिहितो. माझी चाकरी जाईल हो!"

"तुमची चाकरी जाईल, माझा भाऊ जाईल. कोणते जड ते तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी दत्तोपंत त्यांना भैयासाहेबांपुढे घेऊन गेले. भैयासाहेब साठीचे, मोजके बोलणारे गृहस्थ. त्यांनी सगळे ऐकले आणि त्यांचा चेहरा कठीण झाला.

"आमच्या आजोबांचा जीव ज्याने राखला, त्याबद्दल तुम्ही हे बोलता आहात."

"तेव्हा त्यात रेशीम होते, सरकार. खोटे वाटत असेल तर त्यावर एक गोळी झाडून बघावी."

"पुजलेल्या वस्तूवर गोळी?" त्यांनी नकारार्थी मान हलवली. "नवा शिवा. दसऱ्याच्या आत आमच्यासमोर गोळी अडवून दाखवा, तर गणोजी तो घालील. न अडली, तर जुनाच अंगावर जाईल आणि हा विषय पुन्हा निघणार नाही."

हत्तीच्या झुलीसाठी आणलेला रेशमाचा एक तागा त्यांनी देवविला. दुसरा मिळणार नव्हता.

भवानीबाईंनी बत्तीस पदर कापले. एकावर एक बसवून, अंगचे सारे कसब पणाला लावून, त्यांनी ते बोटाला चौदा टाक्यांनी शिवले. डगला फळीसारखा ताठ झाला. खालच्या काठाची वीतभर पट्टी तेवढी शिवायची राहिली, कारण दत्तोपंतांनी चाचणीची घाई केली.

चाचणी गावाबाहेरच्या मळ्यात झाली. गवताच्या भाऱ्याला डगला घातला आणि छातीच्या जागी आत एक कोहळा बसवला. दरोडेखोरांकडे असते तशी ठासणीची बंदूक घेऊन सरदारांचा माळवी शिकारी उमाशंकर चाळीस पावलांवर उभा राहिला. त्याने तीन गोळ्या झाडल्या. दोन आरपार गेल्या. कोहळ्याचे पाणी डगल्यातून ठिबकू लागले.

"बाईसाब, सिलाई तो भोत बढ़िया है," उमाशंकर म्हणाला, "पण गोली ने देखी नी."

शिपाई हसले. गणोजीही हसला, पण बहिणीकडे त्याला बघवले नाही. भैयासाहेब घोड्यावर बसून निघून गेले. दसऱ्याला अकरा दिवस उरले होते.

भवानीबाई डगल्यापाशी बसल्या. तिसरी गोळी खाली, न शिवलेल्या काठात लागली होती. त्यांनी एकेक पदर उचलला. अकराव्या पदरात शिसे चपटे होऊन, रेशमात गुरफटून बसले होते.

त्यांना दोरीवरचे लुगडे आठवले. ताणून वाळत घातलेले लुगडे काट्याला लागले की टरकते. सैल लोंबणारे काट्याभोवती गुंडाळते. पदर टाक्यांनी जखडले, तेव्हा सगळे मिळून एकदम फाटले. मोकळे होते, तेव्हा प्रत्येकाने थोडे सरकून गोळीला धरले. ज्या टाक्यासाठी लोक त्यांना ओळखत, तोच टाका इथे घातक होता.

उसवायला त्यांना चार दिवस लागले. रेशीम दुखावू नये म्हणून प्रत्येक टाका सुईच्या टोकाने उचलावा लागे. भोके पडलेले पदर त्यांनी असे फिरवले, की एकाचे भोक दुसऱ्याच्या भोकावर येऊ नये. एक पदर उभ्या धाग्याचा, त्यावर एक आडव्या धाग्याचा. जोड फक्त खांद्यांवर आणि काठांना. मध्ये काही नाही. डगला अंगावर ओघळू लागला.

"हा तर झबल्यासारखा लोंबतो," दत्तोपंत म्हणाले. "भैयासाहेबांना हे दाखवायचे?"

"त्यांना दाखवायच्या आधी उमाशंकरला दाखवू."

या खेपेला तिन्ही गोळ्या अडल्या. दत्तोपंतांनी हात जोडले. भवानीबाईंनी मात्र डगला उघडून आतला कोहळा बाहेर काढला. त्याला भोक नव्हते. तो मधोमध दुभंगला होता.

"गोळी अडली ना, बाई? आता आणखी काय हवे?"

"गोळी अडली. कोहळा वाचला नाही."

मग घोड्याच्या खोगिराखाली घालतात तो लोकरीचा जाड नमदा त्यांनी मागून घेतला आणि पदरांच्या मागे लावला. दसऱ्याच्या आदल्या सकाळी भैयासाहेब स्वतः मळ्यात आले. उमाशंकरने दोन गोळ्या झाडल्या. भैयासाहेबांनी कोहळा हातात घेऊन फिरवून पाहिला. एका अंगाला तो दबला होता, पण अखंड होता.

"जुना डगला शिवेपर्यंत," ते म्हणाले. "तिथून पुढे हा."

दत्तोपंतांची चाकरी राहिली. डगल्याच्या नोंदीत त्यांनी त्या वर्षी 'शाबूत'ऐवजी 'पूजेपुरता' असे लिहिले.

शिवेवर कपडे बदलताना गणोजी कुरकुरला. "अक्का, दरोडेखोरांच्या आधी हा उकाडाच माझा जीव घेईल."

"घाम पुसता येतो. चल, हात वर कर," म्हणत त्यांनी बंद आवळले.

सातव्या दिवशी गाड्या परत आल्या. पहिल्या गाडीत मक्याच्या कणसांवर गणोजी आडवा पडला होता. उतारावर गोळी आली होती. तो खाली कोसळला, आणि थोड्या वेळाने शिव्या देत उठून बसला. मेला म्हणून समजलेला माणूस उठला, हे पाहून समोरचे पळाले. वैद्यांनी दोन बरगड्या मोडल्याचे सांगितले.

भवानीबाईंनी गाडीच्या साट्याला घट्ट धरले. "किती पावलांवरून मारली?"

"अक्का, मी कसा आहे ते तरी विचार आधी!"

"तू बोलतो आहेस, म्हणजे आहेस. किती पावले?"

"वीस असतील."

त्यांनी तिथेच डगला मांडीवर घेतला आणि पदर मोजले. या गोळीने एकोणीस फाटले होते, पुढचे तेरा वाचले होते. विसाव्या पदरावर त्यांनी बोट फिरवले. मग त्यांनी डोळे पुसले आणि डगल्याची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी त्या भैयासाहेबांकडे गेल्या. गाड्यांबरोबर आणखी चार शिपाई चालत. त्यांना चार डगले हवेत, एवढेच त्यांनी सांगितले.

"हत्तीची झूल अजून व्हायची आहे," दत्तोपंत हळूच म्हणाले.

"हत्ती या वर्षी जुन्या झुलीत चालेल," भैयासाहेब म्हणाले.

सरदारांच्या शिपायांसाठी भवानीबाईंनी पुढे एकंदर अकरा डगले शिवले. नव्या रायफलीपुढे ते टिकणार नाहीत, हे प्रत्येकाला देताना त्या स्पष्ट सांगत, आणि मळ्यात गोळी झाडून पाहिल्याशिवाय रेशमाचा एकही नवा तागा घेत नसत. पण हे सारे नंतरचे. त्या दुपारी चौघांतला पहिला शिपाई माप द्यायला अंगणात हात पसरून उभा राहिला, तेव्हा दोरी त्याच्या काखेपाशी नेऊन त्या थांबल्या.

"इथे मोकळे ठेवते," त्या म्हणाल्या. "पळायची वेळ आली, तर पळता यायला हवे."