गवत कापायच्या गाडीचं ट्रान्समिशन

करंजाड्याच्या पलीकडे लग्नाच्या एका लॉनवर मी काही वर्षं मॅनेजर होतो. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. त्या जागेत पूर्वी त्यांची भातशेती होती. पुढे भात बंद झालं, हिरवळ आली, स्टेज आलं, आणि साठी उलटलेले शेठ रोज सकाळी गवत कापायच्या गाडीवर बसू लागले. बंद पडलेल्या एका कारखान्याच्या लिलावात त्यांनी ती घेतली होती. परदेशी बनावटीची, छोट्या ट्रॅक्टरसारखी. माळी होता, पण त्याला शेठ तिला हात लावू देत नसत.

गाडीला गिअर नव्हते. इंजिन पंप फिरवायचं, पंप तेल दाबायचा आणि त्या दाबावर चाकं चालायची. याला हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशन म्हणतात, हे मला ते बिघडल्यावर कळलं.

आधी गाडी लॉनच्या मागच्या चढावर दमायला लागली. सकाळी थंड असताना चढायची, पण तेल तापलं की जोर जायचा. शेठ तिला आंब्याच्या सावलीत थोडा वेळ उभी करत आणि पुन्हा निघत. एका सकाळी ती चढावरच थांबली आणि मागे घरंगळू लागली. शेठ ब्रेक दाबेपर्यंत खालच्या बांधावर आदळली. त्यांना लागलं नाही. पण आम्ही धावत पोचलो तेव्हा त्यांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं होतं, आणि ते सोडायला त्यांना बराच वेळ लागला.

शेठांच्या मुलाने त्या कंपनीच्या विक्रेत्याला फोन केला. सुटे भाग मिळत नाहीत, ट्रान्समिशनचं अख्खं युनिट बाहेरून मागवावं लागेल, असं उत्तर आलं.

"मागवून टाकतो," मुलगा म्हणाला.

"खोलून तर बघू," शेठ म्हणाले. "न बघता वस्तू फेकाची नाय."

कळंबोलीहून जेसीबीचे पंप दुरुस्त करणारा एक मेकॅनिक आला. त्याने तेल काढलं. ते काळं झालं होतं आणि त्यात लोखंडाचा बारीक चुरा चमकत होता. पंपाच्या आतल्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पडले होते.

"सील बदलतो, तेल बदलतो. सपाटीवर चालेल," तो म्हणाला. "चढावर तापली की काय करेल, ते सांगू शकत नाही."

"सपाटीवरच चालवीन," शेठ म्हणाले. दुरुस्ती झाली. गाडी खरोखर छान चालली, आणि शेठ आठवडाभर खुशीत होते. मुलाने विषय सोडून दिला.

शेठांच्या बायकोने सोडला नाही. त्या लॉनवर फारशा येत नसत. एक दिवस ऊन चढल्यावर आल्या आणि मागच्या चढाखाली उभ्या राहिल्या. शेठ बराच वेळ गवत कापत होते, गाडी चांगली तापलेली होती.

"चढवा वर," त्या म्हणाल्या.

"तिकडं नेत नाय मी."

"आज नाय नेत. गवत वाढलं की न्याल. मना ठाव हाय ना. माज्यासमोर न्या."

त्यांना बाजूला व्हायला सांगून शेठांनी गाडी वळवली. अर्ध्यावर तिचा जोर गेला. या वेळी पाय ब्रेकवर तयार होता, गाडी घसरली नाही. शेठ ब्रेक दाबून बसले. माळ्याने आणि मी चाकांमागे दगड लावले, मग ते उतरले.

"मुलाला सांगा, नवीन मागव," ते मला म्हणाले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या घरी गेल्या.

नवं युनिट यायला खूप दिवस लागले. तोवर माळी ढकलायच्या मशीनने जमेल तेवढं कापत होता, आणि मागच्या बाजूला गवत गुडघ्यापर्यंत आलं. एका लग्नात वधूच्या मामांनी तिथे साप असेल म्हणून तक्रार केली. मी दोरी बांधून तो भाग बंद केला.

युनिट बसवलं त्याच मेकॅनिकने. जुनं त्याने मागून घेतलं, आतला शाफ्ट कामाला येईल म्हणाला. शेठांनी पहिल्याच सकाळी गाडी चढावर नेली आणि वर पोचल्यावर थांबवली. वरून खाडीकडचं सगळं दिसत असे. ते तिथे थोडा वेळ बसले आणि मग पाती खाली करून कामाला लागले.

पुढे मुलाने त्या जागेवर इमारती बांधायला घेतल्या. गाडी एका शाळेच्या मैदानासाठी गेली. मी तेव्हा दुसरी नोकरी धरली होती. शेठांनी ती स्वतः टेम्पोत चढवून दिली, असं माळ्याकडून कळलं.